कंबरदुखी जुनी कधी म्हणायची?

• सहा आठवड्यांच्या आत थांबते ती तात्पुरती. 12 आठवड्यांहून जास्त टिकते ती जुनी.

• दहापैकी साधारण नऊ जणांत दुखण्याचे एकच नेमके कारण सापडत नाही. एमआरआयमध्ये ‘सरकलेली गादी’ काहीही दुखत नसलेल्यांतही दिसते, म्हणून नुसत्या रिपोर्टने घाबरू नये.

• कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरते ती सायटिका; बहुधा मणक्यापाशी नस दबलेली असते.

• जागतिक आरोग्य संघटनेची 2023ची मार्गदर्शिका: व्यायाम, फिजिओथेरपी, मानसिक आधार हवा; कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणे) नेहमीच्या उपचारांत नको.

• झोपून राहू नये. झेपेल तेवढे चालावे.

• लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.