मागितले नाही म्हणून कमी दिले
सेल्टिकच्या जिमी मॅकग्रोरीची कहाणी

१९२८ च्या उन्हाळ्यात ग्लासगोहून आलेला चोवीस वर्षांचा एक तरुण लंडनच्या यूस्टन स्टेशनावर उतरला. फ्रान्समधील लूर्द या कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या पवित्र स्थळाच्या जियारतीला तो निघाला होता. सोबत त्याच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर विली मेली होते. स्टेशनावर आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन त्यांची वाट पाहत उभे होते. आर्सेनल या तरुणासाठी सुमारे १०,००० पौंड मोजायला तयार होता. तोपर्यंत फुटबॉलच्या दुनियेत कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम दिली गेली नव्हती.

तरुणाने नकार दिला. परतीच्या वाटेवर पुन्हा विचारणा झाली, पुन्हा तेच उत्तर मिळाले. या तरुणाचे नाव जेम्स एडवर्ड मॅकग्रोरी. स्कॉटलंडच्या लोकांसाठी तो जिमी मॅकग्रोरी.

गार्नगॅडचा मुलगा

जिमीचा जन्म २६ एप्रिल १९०४ रोजी ग्लासगोच्या गार्नगॅड या कामगार वस्तीत झाला. आईवडील आयर्लंडमधून आलेले कॅथलिक. वडील गॅसच्या कारखान्यात मजुरी करत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. आई तो लहान असतानाच वारली.

त्या काळी ग्लासगोत आयरिश कॅथलिक लोक अल्पसंख्य होते. अनेक ठिकाणी नाव आणि धर्म पाहूनच नोकरीचे दार बंद व्हायचे. याच लोकांच्या गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून वॉलफ्रिड नावाच्या एका धर्मबंधूने १८८७ मध्ये सेल्टिक क्लबची स्थापना केली होती. सामन्याच्या तिकिटांतून पैसा उभा करायचा आणि त्यातून भुकेल्या मुलांना जेवू घालायचे, असा मूळ विचार होता. म्हणून त्या वस्तीतल्या माणसाला सेल्टिक आपल्या मोहल्ल्यासारखा, आपल्या जमातीसारखा वाटे. १९२२ मध्ये जिमी या क्लबमध्ये दाखल झाला. मधला एक हंगाम तो क्लाइडबँक संघाकडे खेळायला गेला आणि मग सेल्टिकचाच होऊन राहिला.

गोलांचा हिशेब

जिमी फार उंच नव्हता, पण खांदे रुंद आणि मान मजबूत होती. हवेत झेप घेऊन तो डोक्याने असा गोल मारायचा, की लोक त्याला माणसाच्या रूपातला पाणतीर म्हणू लागले. १९२५ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात डंडी संघाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना त्याने अशीच झेप घेतली आणि सेल्टिकने कप जिंकला. १४ जानेवारी १९२८ रोजी डनफर्मलिनविरुद्ध त्याने एकट्याने ८ गोल केले. १९३५-३६ च्या एकाच लीग हंगामात ५० गोल केले. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्याच्या एकूण गोलांची संख्या ५५० सांगितली जाते. म्हणजे सरासरीने प्रत्येक सामन्यात एक गोल.

तरीही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून त्याला फक्त ७ सामने मिळाले, कारण त्याच जागेवर ह्यूई गॅलॅकर हा दुसरा जबरदस्त खेळाडू होता. मिळालेल्या संधीचे मात्र त्याने सोने केले. १ एप्रिल १९३३ रोजी हॅम्पडन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक लोकांसमोर इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंडचे दोन्ही गोल त्याचेच होते. सामना २-१ असा स्कॉटलंडने जिंकला.

आठ पौंड आणि नऊ पौंड

आता यूस्टन स्टेशनावरच्या नकाराकडे परत येऊ. त्या काळचा नियम असा, की खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. खेळाडू विकला गेला की किंमत क्लबला मिळे, खेळाडूला नाही. सेल्टिकला पैशांची गरज होती. मैदानावर प्रेक्षकांसाठी नवी इमारत बांधायची होती, म्हणून हा सौदा ठरत होता असे सांगितले जाते. जिमी 'हो' म्हणाला असता तर क्लबच्या तिजोरीत मोठी रक्कम आली असती.

जिमीचाही फायदा झाला असता. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला आठवड्याला ८ पौंडांची मर्यादा होती, पण मोठे क्लब त्यातून वाट काढत. दुसऱ्याच वर्षी ॲलेक्स जेम्स हा स्कॉटिश खेळाडू आर्सेनलमध्ये गेला, तेव्हा त्याला लंडनच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात वेगळी नोकरी मिळवून देण्यात आली. जिमीला अशा कशाचा मोह झाला नाही. आपल्या नावापुढे सेल्टिकऐवजी दुसरे नाव लागावे, हीच कल्पना त्याला रुचत नव्हती.

आर्सेनलने त्याच वर्षी डेव्हिड जॅक या दुसऱ्या खेळाडूला १०,८९० पौंड देऊन घेतले. सेल्टिकच्या संचालकांच्या हाताला मात्र काही लागले नाही. त्यांनी त्याचा राग कसा काढला? स्कॉटलंडमध्ये पगाराला मर्यादा नव्हती. सेल्टिकच्या प्रमुख खेळाडूंना आठवड्याला ९ पौंड मिळत. जिमीला ८ पौंड देण्यात येऊ लागले, तेही त्याला न सांगता. सर्वांत जास्त गोल करणारा, क्लबसाठी लंडनचे वैभव नाकारणारा माणूस वर्षानुवर्षे सोबत्यांपेक्षा एक पौंड कमी घेत राहिला. दुसऱ्याला किती मिळते, हे विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. ही गोष्ट त्याला कळली तेव्हा खूप उशीर झाला होता.

कलकत्त्याचा सलीम

याच सेल्टिकशी आपल्याकडच्या एका खेळाडूचे नाव जोडलेले आहे. जिमीने ५० गोल केले तो हंगाम संपला आणि १९३६ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम ग्लासगोत पोहोचला. मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली, त्यात सलीमचा मोठा वाटा होता. तो बूट घालत नसे. विली मेली यांनी त्याला पायांना पट्ट्या बांधून अनवाणी खेळू दिले. सेल्टिकच्या राखीव संघाकडून तो दोन सामने खेळला. त्यांतला गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७-१ असा जिंकला. युरोपातील क्लबकडून खेळलेला भारतीय उपखंडातील तो पहिला फुटबॉलपटू मानला जातो. क्लबला तो हवा होता, पण घराच्या ओढीने तो कलकत्त्याला परतला. आपल्या माणसांपुढे पैसा आणि नाव मागे पडते, हे दोघांच्या बाबतीत खरे ठरले.

नंतरची वर्षे

१९३७ मध्ये सेल्टिकला आणखी एक स्कॉटिश कप मिळवून देऊन जिमीने त्याच वर्षअखेरीस खेळ सोडला आणि किल्मार्नॉक क्लबचा मॅनेजर झाला. १९४५ मध्ये तो मॅनेजर म्हणून सेल्टिकमध्ये परतला आणि वीस वर्षे राहिला. या काळात संघ निवडण्यात क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट केली हेच हुकूम चालवत. जिमीने ते निमूटपणे सोसले. १९६५ मध्ये त्याची जागा जॉक स्टीन यांना देण्यात आली. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, सेल्टिकने लिस्बन येथे युरोपियन कप जिंकला. त्या संघातले बरेच तरुण जिमीच्याच काळात क्लबमध्ये आले होते. श्रेय दुसऱ्याच्या वाट्याला गेले, पण याबद्दल त्याने कधी कटुता दाखवली नाही. २० ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचे निधन झाले.

दोन गोष्टी वेगळ्या

ही कहाणी मुलांना सांगताना आपण बहुतेक अर्धीच सांगू. पैशांमागे धावू नका, कनाअत बाळगा, जिमीसारखे वफादार राहा. हे खरेच आहे. जे मिळाले त्यात समाधान मानणारा माणूस अल्लाहची मोठी नेमत घेऊन जगतो. पण कनाअत हा ज्याचा त्याचा स्वतःचा गुण आहे. दुसऱ्याच्या कनाअतीचा फायदा घेऊन त्याला कमी देण्याची परवानगी त्यातून कुणालाही मिळत नाही. जिमीचे समाधान हे जिमीचे मोठेपण. त्याचा एक पौंड कापणे हा क्लबचा जुलूम. पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्यावर पांघरूण घातले जाऊ नये.

असा एक पौंड आपल्या घरांतही कापला जातो. वडील गेल्यावर जमिनीच्या, घराच्या वाटण्या होतात, तेव्हा कुरआन शरीफने ठरवून दिलेला बहिणीचा हिस्सा किती घरांत तिच्या हाती पडतो? "तिने मागितलाच नाही", "तिने माफ केला", असे आपण म्हणतो. तिला हिस्सा समोर ठेवून विचारले होते का, की भावांशी नाते तुटेल या भीतीने ती गप्प बसली, हे कुणी पाहत नाही. दुकानात वीस वर्षे इमानदारीने काम करणारा नोकर पगारवाढ मागत नाही, म्हणून नव्याने आलेल्यापेक्षा त्याला कमी मिळते. कमावता थोरला मुलगा तक्रार करत नाही, म्हणून घराचा सगळा भार त्याच्याच खांद्यावर येतो.

मागणाऱ्याला सगळेच देतात, कारण तो गप्प बसू देत नाही. जो मागत नाही त्याचा हिशेब ठेवणारा वर आहे. या महिन्यात घरात बसून एवढे तरी पाहावे, की आपल्याकडे न मागणारे कोण आहे आणि त्याचे किती देणे बाकी आहे.