सिंह पाहायला गेलेला विद्यार्थी

भीमजयंती जवळ आली की वस्तीत ज्याच्या हाताला चित्रकला आहे, त्या मुलाच्या किंवा मुलीच्या दारात कार्यकर्त्यांची ये-जा सुरू होते. कुणाला बॅनर हवा असतो, कुणाला पत्रिका. "उद्या संध्याकाळपर्यंत दे बाळा," एवढेच सांगणे असते. मग संगणकावर गेल्या वर्षीचे चित्र उघडायचे, तारीख बदलायची, काम उरकले! आणि तेच मूल "मला उपयोजित कला शिकायची आहे" म्हणाले, की घरचे विचारतात, "चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे?"

अशा आईवडिलांना आणि त्या मुलांनाही एका विद्यार्थ्याची हकिकत सांगावीशी वाटते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले भारताचे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. त्याची एक इंग्रजी प्रत हाताने लिहिली गेली. ते सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले. पानांच्या सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या कलाभवनातील नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहांचे चित्र काढण्याची जबाबदारी नंदलालबाबूंनी दीनानाथ भार्गव या विद्यार्थ्यावर टाकली. हा मध्य प्रदेशातील मुलताईचा, विशी नुकतीच ओलांडलेला तरुण.

शिल्प समोर ठेवून नक्कल करता आली असती. पण भार्गव यांच्या कुटुंबीयांनी सांगितल्याप्रमाणे, गुरूंनी त्यांना आधी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह पाहायला सांगितले. सुमारे महिनाभर ते तेथे जात राहिले. सिंह कसा उभा राहतो, मान कशी वळवतो, त्याच्या चेहऱ्यावर कोणते भाव असतात, हे त्यांनी निरखले आणि मगच चित्र पूर्ण केले. ज्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी अनेक देशांच्या राज्यघटना अभ्यासल्या, त्याच्या एका पानासाठी एका विद्यार्थ्याने सिंह अभ्यासले!

आणि हे सिंह कुठले? ज्या सारनाथला तथागतांनी पहिला धम्मोपदेश केला, तेथे सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभावरचे. पाठीला पाठ लावून चार सिंह, त्यांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि मधे धम्मचक्रे. २६ जानेवारी १९५० पासून हेच सिंहशीर्ष भारताचे राजचिन्ह आहे. आपल्या खिशातील नोटेवरही ते असते.

आता आपल्या फलकांकडे पाहू. अशोकचक्राला आरे २४. आपल्या किती बॅनरवर ते मोजून काढलेले असतात? धम्मध्वजाचे रंग निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी याच क्रमाने येतात, पण घाईत ते मागेपुढे होतात. 'बुद्ध' हा शब्द कमानीवर सर्रास 'बुध्द' असा रंगवला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना बाबासाहेब ६५ वर्षांचे होते, पांढऱ्या वस्त्रांत होते. आपण तेथेही त्यांना निळा सूट घालतो. मार्च १९२७ मध्ये महाडला ते ३५ वर्षांचे होते, पण तेथेही उतारवयातला चेहरा लावतो. हा दोष हाताचा नाही. पाहण्याचा, वाचण्याचा कंटाळा केल्याचा आहे. ज्यांचे चित्र काढायचे त्यांचे चरित्र वाचल्याशिवाय रेघ ओढू नये, हा धडा भार्गव यांच्या त्या महिनाभराच्या फेऱ्यांतून घ्यायचा.

पालकांनीही एक ध्यानात घ्यावे. शाळेत असतानाच शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना मुलांना बसवावे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची कलापदवी घेता येते. पुस्तके, वृत्तपत्रे, जाहिराती, वस्तूंची वेष्टने अशा अनेक ठिकाणी या विद्येला काम आहे. आणि कार्यकर्त्यांनो, फलक हवा असेल तर महिनाभर आधी सांगा. कामाचा मोबदलाही द्या. आपलेच मूल म्हणून फुकट राबवणे हे बाबासाहेबांच्या शिकवणीत बसत नाही.

यंदाच्या जयंतीला एखादी मुलगी चित्राआधी पुस्तक उघडून बसलेली दिसली, तर "वेळ का घालवतेस?" असे तिला विचारू नका. ती सिंह पाहायला गेली आहे असे समजा.

जयभीम!