माशी बदलण्यापूर्वी त्रैराशिक मांडा

मागच्या वर्षी टेक्सासला लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंना नेमबाजीचा छंद. त्यांच्या रुगर एलसीआर या छोट्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवरची काळी माशी, म्हणजे फ्रंट साइट, त्यांना नीट दिसत नव्हती. त्यांनी रंगीत माशी मागवली होती. "पिन काढायची, नवी बसवायची, दहा मिनिटांचं काम," ते म्हणाले. माझं आयुष्य बँकेत आकडे तपासण्यात गेलेलं. मी विचारलं, "नव्या माशीची उंची किती?"

या रिव्हॉल्व्हरची मागची खाच सांगाड्यातच कोरलेली असते, ती खालीवर करता येत नाही. त्यामुळे गोळी किती वर किंवा खाली लागणार हे माशीच्या उंचीवर ठरतं, आणि तेही उलटं. माशी उंच असली तर ती खाचेशी जुळवताना नळीचं तोंड खाली झुकतं आणि गोळी खाली लागते. माशी बुटकी असेल तर गोळी वर.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा. समजा, खाचेपासून माशी १२० मिमीवर, निशाण १० मीटरवर आणि गोळ्या ५ सेंमी खाली लागतात. १२० गुणिले ५०, भागिले १०,००० म्हणजे ०.६ मिमी. माशी तेवढी कमी करायची. उंचीत एक मिलिमीटर चूक झाली, तर निशाणावर ८ सेंमीहून जास्त फरक पडतो.

प्रत्यक्ष कामात आधी चक्राची सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा पाहायचं. मग नळीला लाकडाचा आधार देऊन, पिनेपेक्षा किंचित बारीक पंचाने हलके ठोके द्यायचे. जाड पंच छिद्राची कड बिघडवतो. काही नव्या माश्यांना छिद्र नसतं. जुन्या छिद्रातून खूण करून ते पाडावं लागतं. शंका असेल तर माशी थोडी उंचच घ्यावी. कानशीने घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

आपल्याकडे मात्र हे घरी करायचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. काम अशा परवानाधारक कारागिराकडेच न्यावं. हिशेब मात्र आपण करून न्यावा.

जावईबापूंनी माशी मोजली, ती जुनीपेक्षा एक मिलिमीटर उंच निघाली. ती बसवून, गोळ्या झाडून पाहत, थोडी थोडी घासली. दहा मिनिटांच्या कामाला दोन रविवार लागले, पण गोळ्या मध्यावर लागल्या.