चेक वटेपर्यंत

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी धाकटी बहीण सांगलीहून रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला आली. पिशवीत चटणीचा डबा, नातवाच्या रिपोर्टांची फाइल आणि मुदतठेवीची पावती. चहा व्हायच्या आत तिने पावती माझ्यापुढे सरकवली. "दादा, ही मोडायची आहे. दंड किती बसेल तेवढं सांग."

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. ठेव मोडायला आलेल्या गिऱ्हाइकाला कारण विचारायचे नसते. पण ही बहीण, मी विचारले. तिने फाइलीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढले. 'स्टेम सेल'च्या इंजेक्शनांनी मधुमेहापासून थॅलसेमियापर्यंत डझनभर आजार बरे करणाऱ्या एका दवाखान्याचे. तीन इंजेक्शने, आठ लाख रुपये.

तिचा नातू सात वर्षांचा आहे. त्याला थॅलसेमिया मेजर आहे. त्याच्या शरीरात तांबड्या पेशी धड तयारच होत नाहीत. दर तीन आठवड्यांनी बाहेरचे रक्त द्यायचे आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी रोज गोळ्या घ्यायच्या, असा त्याचा दिनक्रम. मी पत्रक उलटसुलट करून पाहतो आहे हे बघून बहीण म्हणाली, "तुझं सगळं हिशेबात असतं. त्या पोराचा हात बघितलायस? शीर सापडत नाही आता."

मी पंधरा दिवस मागून घेतले. त्यांचे तीन महिने झाले. लिहायला घेतलेली कादंबरी बाजूला पडली. ओळखीतल्या एक पॅथॉलॉजिस्ट बाई शोधनिबंध काढून देत आणि अडेल तिथे समजावून सांगत. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकलाच सुटलेला. पण हिशेब मला कळतो. आणि हा विषय मुळात हिशेबाचाच निघाला.

आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी जगते साधारण एकशे वीस दिवस. रोज तितक्याच मरतात, तितक्याच जन्मतात. हा खर्च भागतो कसा? तर हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत, थोड्या मूळपेशी असतात. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सारे काही निपजते आणि शिवाय त्या स्वतःसारख्या मूळपेशीही तयार करतात. व्याज जन्मभर काढत राहावे आणि मुद्दल शाबूत राहावे, अशी ही ठेव. अशी योजना कोणत्याही बँकेला जमलेली नाही.

या मुद्दलाचा शोध एका रविवारी लागला. १९६० साली टोरांटोत अर्नेस्ट मॅकलक नावाचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत आले. किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या होत्या. दहा दिवसांनंतर त्या उंदरांच्या पाणथरीवर गाठी आल्या होत्या. कोणी 'सूज आहे' म्हणून सोडून दिले असते. त्यांनी गाठी मोजल्या. जितक्या पेशी जास्त टोचलेल्या, तितक्या गाठी जास्त. अदमासे दहा हजार पेशींमागे एक. त्यांचे सहकारी जेम्स टिल हे भौतिकशास्त्राचे, आकड्यांत मुरलेले. दोघांनी १९६१ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि १९६३ मध्ये, एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हेही दाखवले. मूळपेशी आहे, हे कळले ते अशा मोजणीतून.

या ज्ञानाचा उपयोग आपल्याकडेही झालेला आहे. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. लहानपणी पोलिओ झालेल्या, चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या या डॉक्टरांचे ते प्रत्यारोपण भारतातले पहिले यशस्वी ठरले. थॅलसेमियावरही हाच उपाय आहे. अट एकच, पण मोठी: दात्याच्या पेशी जुळल्या पाहिजेत. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

उरलेल्या तिघांनी काय करायचे? ते मुद्दल प्रयोगशाळेतच तयार करता येईल का? हा प्रश्न घेऊन जगभरचे संशोधक बसले आहेत. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशीला चार जनुकांच्या साहाय्याने तिच्या गर्भावस्थेसारख्या कोऱ्या स्थितीत परत नेले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मग वाटले, आता काय, या कोऱ्या पेशीला रक्ताची मूळपेशी करायची की झाले! पण बशीत रक्तपेशी तयार झाल्या तरी शरीरात गेल्यावर मज्जेत मुक्काम करून वर्षानुवर्षे रक्त देणारी पेशी काही हाती येईना. व्याजाची नाणी मिळत, मुद्दल मिळत नसे.

मेलबर्नच्या मर्डोक बालसंशोधन संस्थेत एलिझाबेथ एंग, एड स्टॅन्ली आणि अँड्र्यू एलेफांटी यांनी गर्भात रक्त कसे घडते त्या पायऱ्या एकेक करून बशीत उतरवल्या. नेमक्या वेळी अ जीवनसत्त्वाच्या एका संयुगाची मात्रा दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या मज्जेत रुजल्या आणि माणसाचे रक्त बनवू लागल्या. किती उंदरांत? पाव ते निम्म्या. सगळ्यांत नाही, आणि तसे त्यांनीच लिहिले आहे. माणसांवरच्या चाचणीला साधारण पाच वर्षे लागतील, असा अंदाज त्यांनी तेव्हा बोलून दाखवला.

इंग्लंडमधला हिशेबही मी वहीत मांडला. तिथे केंब्रिज आणि ब्रिस्टलच्या संशोधकांनी दात्याच्या रक्तातून पाच लाख मूळपेशी वेगळ्या काढून तीन आठवडे वाढवल्या. त्यांच्या पाच हजार कोटी तांबड्या पेशी झाल्या. गाळून उपयोगी राहिल्या दीड हजार कोटी. २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढलेले असे रक्त प्रथमच दुसऱ्या माणसांच्या शरीरात दिले गेले. किती? एक-दोन चमचे. आपल्या रक्तपेढीतल्या एका पिशवीत सुमारे दोन लाख कोटी तांबड्या पेशी असतात. म्हणजे त्या साऱ्या खटाटोपाच्या सव्वाशे-दीडशे पट केल्यावर एक पिशवी!

क्योटोचे कोजी एतो प्लेटलेट बनवतात. द्रवात घुसळण, खळबळ असेल तरच पुरेशा प्लेटलेट सुटतात, हे त्यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. दात्यांच्या प्लेटलेट ज्याच्या शरीरात टिकत नव्हत्या, अशा एका रुग्णाला त्याच्याच पेशींपासून बनवलेल्या प्लेटलेट दिल्या. २०२२ च्या अहवालात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: गंभीर अपाय झाला नाही, आणि प्लेटलेटची संख्या अपेक्षेइतकी वाढली नाही.

प्रतिकारपेशींचीही तीच कथा. आय.आय.टी. मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर कर्करोगाशी लढणाऱ्या पेशींचा उपचार घडवला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देतात. प्रत्येकासाठी वेगळी शिलाई. त्याऐवजी मूळपेशींपासून तयार मालाचा साठा करावा, यासाठी अमेरिकेत डॅन कॉफमन यांच्यासारखे संशोधक झटत आहेत. २०१९ पासून अशा पेशींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या. पण त्या शरीरात फार काळ टिकत नाहीत, ही अडचण तेच आधी सांगतात.

वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की या सगळ्यांच्या वहीला दोन बाजू आहेत. जमेची आणि नावेची. किती उंदरांत जमले नाही, किती पेशी वाया गेल्या, कोणती संख्या वाढली नाही, सारे नावे टाकलेले. मग मी ते गुळगुळीत पत्रक पुन्हा काढले. त्यात नुसतीच जमा होती. जिच्यात नावेची बाजू कोरी आहे अशी खातेवही पाहिल्यावर तपासनीस काय समजतो, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार, बाकी सारे संशोधन, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

दिवाळीच्या आधी मी सांगलीला गेलो. बहिणीला वही दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे तू नाहीच म्हणतोस."

"चेक लिहिलेला आहे, सही खरी आहे. पण अजून वटलेला नाही. वटेपर्यंत त्यावर उचल देता येत नाही, एवढंच म्हणतो."

"आणि तोवर?"

याचे उत्तर वहीत नव्हते. नातवाच्या मोठ्या बहिणीच्या पेशी तपासायला दिल्या. जुळल्या नाहीत. अकरा वर्षांची ती पोर दोन दिवस जेवली नाही. आपलेच काही चुकले असे तिला वाटत होते. आता दात्यांच्या नोंदवहीत शोध चालू आहे. अर्ध्या जुळणाऱ्या दात्याचा मार्गही डॉक्टरांनी सांगितला, त्यातली जोखीमही सांगितली. रुग्णाच्याच मूळपेशींतल्या जनुकांत बदल करण्याच्या उपचाराला २०२३-२४ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. तोही चेकच, आमच्या शाखेवर न वटणारा.

ठेव मोडली नाही. मुदत संपल्यावर पाच वर्षांसाठी पुन्हा ठेवली. नॉमिनी नातू, तो अज्ञान, म्हणून पालक त्याची आई. फॉर्म मीच भरला.

बँकेच्या वर्धापनदिनी मी पूर्वी दरवर्षी रक्तदान करत असे. निवृत्तीनंतर ते सुटले होते. त्रेसष्ट पुरी आहेत, पासष्टपर्यंत चालते. परवा जाऊन आलो. साडेतीनशे मिलिलीटर भरायला दहा मिनिटेही लागली नाहीत. दोन लाख कोटींच्या घरातला आकडा समोरच्या पिशवीत जमा होत होता आणि त्यासाठी मी काहीच केले नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा जाईन. पोराला दर तीन आठवड्यांनी लागते; मधल्या तारखा कोणी तरी भरायच्या आहेत.