सायकलीचे चाक आणि डायनामोचा दिवा

वरच्या इयत्तांत विजेचा पाठ चालू असता विद्यार्थी कधीकधी विचारतात : सायकलीचे चाक लहान असले तर डायनामोचा दिवा अधिक उजळतो काय? लहान चाक भरभर फिरते, म्हणून दिवाही अधिक प्रखर, असे उत्तर सहज तोंडून निघते. परंतु ते सर्वत्र खरे नाही. धारूरसारख्या बालाघाटाच्या डोंगरावरील गावी अंधारात सायकल चालविणाऱ्यास हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. आज डायनामोची जागा बहुतांशी बॅटरीच्या दिव्यांनी घेतली असली, तरी वर्तुळाचा परीघ, वेग आणि वीज हे तिन्ही विषय एकत्र शिकविण्यास त्याच्यासारखे साधन नाही.

तत्त्व

डायनामोच्या पोटात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चुंबक फिरू लागला की तारेत वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढले. चुंबक जितका जलद फिरेल तितका विजेचा दाब अधिक. तेव्हा खरा प्रश्न असा की, चाकाच्या आकाराने चुंबकाच्या फेऱ्या बदलतात काय?

टायरवर टेकणारा डायनामो

नेहमीच्या डायनामोच्या माथ्यावरील चाकी टायरच्या कडेस टेकते. सायकल एक मीटर पुढे गेली की टायरचा पृष्ठभागही एक मीटर सरकतो. मग चाक २८ इंची असो वा २० इंची. चाकीचा व्यास २ सेंटिमीटर धरल्यास तिचा परीघ सुमारे ६.३ सेंटिमीटर होतो. चाकी टायरच्या बाहेरील कडेपासून थोडी आत टेकत असल्याने एका मीटरमागे तिच्या सुमारे १५ फेऱ्या होतात, आणि त्या दोन्ही सायकलींवर जवळजवळ सारख्याच असतात. म्हणून येथे चाकाच्या आकाराने फरक पडत नाही. फरक पडतो तो सायकलीच्या वेगाने.

तुंब्यातील डायनामो

दुसरा प्रकार चाकाच्या तुंब्यातच बसविलेला असतो. इंग्लंडातील स्टर्मी-आर्चर कंपनीने असा डायनामो १९३६ साली बाजारात आणला. तो चाकाबरोबरच फिरतो. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे मिनिटास २५० मीटर वेगाने २८ इंची चाकाच्या सुमारे ११२ फेऱ्या होतात, तर २० इंची चाकाच्या सुमारे १५६. येथे मात्र विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर ठरते : लहान चाकावर दिवा कमी वेगातच उजळतो, पण पायांवर भारही अधिक पडतो.

वर्गात करावयाचा प्रयोग

एक मोठी व एक लहान सायकल आणावी. टायरवर खडूची खूण करून चाकाच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते मोजावे. मोठ्या चाकास सुमारे २२३, लहानास सुमारे १६० सेंटिमीटर भरतील. नंतर डायनामो टेकवून चाकीवर खूण करावी व सायकल हळूहळू एक मीटर ढकलून चाकीच्या फेऱ्या मोजाव्यात. दोन्ही संख्या विद्यार्थ्यांनी स्वतः फळ्यावर मांडाव्यात. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये.

व्यवहारातील सूचना

घाट चढताना वेग मंदावतो व दिवाही मंदावतो. सायकल थांबताच तो विझतो. नेमक्या त्याच वेळी मागून येणाऱ्या वाहनास सायकल दिसत नाही. म्हणून मागे लाल परावर्तक असणे अत्यावश्यक आहे. ६ व्होल्ट, ३ वॅटच्या डायनामोवर पुढील दिवा २.४ वॅटचा व मागील ०.६ वॅटचा असतो. मागील दिवा जळाल्यास सर्व प्रवाह पुढच्यात जातो, आणि उतारावर तोही जळण्याचा संभव असतो. टायर ओले किंवा चिखलाने माखलेले असल्यास चाकी घसरते व दिवा लुकलुकतो. मोठ्या सायकलीचा डायनामो लहान सायकलीस लावताना त्याचा आस चाकाच्या मध्याकडे रोखलेला आहे ना, हे पाहावे; अन्यथा टायर झिजते.

अंधार पडल्यावर सायकलीने घरी जाणारे विद्यार्थी आपल्या शाळेत असतील, तर त्यांच्या सायकलींचे दिवे व परावर्तक या पाठाच्या निमित्ताने एकदा तपासून घ्यावेत.