शारदाश्रमाचा सर्वश्रेष्ठ कोण?

कल्याण-डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकल गाडीत बसायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग असला, तरी बोलायला विषय मिळणे हा हक्काचा भाग आहे. राजकारण, महागाई, कचेरीतील बढत्या आणि क्रिकेट या चार खांबांवर या संभाषणाचा मंडप उभा असतो. त्यातही एक वाद असा आहे, की तो ठाण्याला थांबत नाही, घाटकोपरला थकत नाही आणि दादरला मंडळी उतरून गेली तरी अनिर्णितच राहतो. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराने भारतीय क्रिकेटला जे खेळाडू दिले, त्यांत सर्वश्रेष्ठ कोण, हा तो वाद.

वास्तविक हा वाद उद्भवण्याचेच कारण नाही, असे कोणीही म्हणेल. ज्या शाळेच्या पटावर सचिन तेंडुलकर हे नाव आहे, तेथे दुसऱ्याचा विचार कशाला करायचा? २०० कसोटी सामने, १५,९२१ धावा, ५१ शतके आणि एकदिवसीय सामने धरून शतकांचे शतक. या आकड्यांपुढे प्रतिवाद संपतो. तरीही गाडीत चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला एखादा गृहस्थ शांतपणे विचारतो, "आणि सरासरी?" मग वादाला पुन्हा तोंड फुटते. कारण विनोद कांबळीची कसोटीतील सरासरी ५४.२० आहे आणि तेंडुलकरची ५३.७८.

सरासरीचा चकवा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक धडा दिला जातो. सरासरी हा आकडा खरा असतो, पण तो सगळे सांगत नाही. एका गावातील दोघांचे उत्पन्न शंभर रुपये आणि आठजणांचे दहा रुपये असेल, तर सरासरी अठ्ठावीस रुपये येते. मात्र अठ्ठावीस रुपये मिळविणारा माणूस त्या गावात एकही नसतो. कांबळीच्या सरासरीचेही तसेच आहे. १९९३ साली त्याने मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि पाठोपाठ दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा केल्या. पहिल्या सात कसोटींत त्याच्या ७९३ धावा झाल्या होत्या आणि सरासरी ११३ च्या वर होती. उरलेल्या दहा कसोटींत मिळून त्याने २९१ धावा केल्या. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. ५४.२० या एका आकड्यात दोन निरनिराळ्या माणसांची कथा कोंबलेली आहे.

तेंडुलकरची सरासरी याच्या उलट आहे. ती १९८९ पासून २०१३ पर्यंत, चोवीस वर्षे टिकलेली आहे. दुखापती, परदेशांतील खेळपट्ट्या, नवे गोलंदाज आणि वाढते वय या सर्वांची वजावट करून उरलेली ती शिल्लक आहे. टिकाव हा गुणवत्तेच्या बाहेरचा योगायोग नसून तिचाच एक घटक आहे, हे मान्य केले तर या दोघांपुरता निकाल लागतो. मात्र असा निकाल देताना कांबळीच्या त्या पहिल्या सात कसोटींचे तेज कमी लेखण्याचे कारण नाही. आरंभीचे तेज आणि दीर्घकाळचा टिकाव ही दोन वेगळी मापे आहेत, एवढेच.

शिवाय यादी या दोघांवर संपत नाही. प्रवीण आमरेने १९९२ साली दरबानला, पदार्पणाच्याच कसोटीत, दक्षिण आफ्रिकेच्या वेगवान माऱ्यासमोर १०३ धावा काढल्या. त्याला पुढे अवघ्या दहा कसोटी मिळाल्या, सरासरी ४२.५० असूनही. अजित आगरकरने १९९८ मध्ये केवळ २३ एकदिवसीय सामन्यांत ५० बळी घेऊन त्या वेळचा जागतिक विक्रम केला, २००२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी शतक झळकाविले आणि २००३ मध्ये अ‍ॅडलेडला ४१ धावांत सहा बळी घेऊन भारताच्या विजयाची वाट मोकळी केली. आणि या सर्वांच्या मागे, पायाला पॅड बांधून बसलेला, अमोल मुझुमदार आहे.

पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम आणि सेंट झेवियर्स या शाळांची गाठ पडली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९ आणि दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. हा इतिहास आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा मुझुमदार तयार होऊन बसला होता. त्याची पाळी आलीच नाही.

पुढे या गोष्टीला रूपकाचे स्वरूप आले. १९९४ साली रणजी पदार्पणात हरयाणाविरुद्ध त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. कारकीर्दीत ११,१६७ धावा आणि ३० शतके त्याच्या नावावर जमा झाली. २००६-०७ च्या मोसमात त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. भारतातर्फे मात्र तो एकही सामना खेळला नाही. कारण सोपे होते आणि क्रूरही. त्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण हे चौघे ठाण मांडून बसले होते. बाजारात वस्तूची किंमत केवळ तिच्या गुणांवर ठरत नाही. त्याच प्रतीचा माल आणखी किती आहे आणि गिऱ्हाईक किती आहे, यांवर ती ठरते. अकरांच्या संघात बाराव्या उत्कृष्ट खेळाडूची किंमत शून्य होते. तो कमी उत्कृष्ट असतो म्हणून नव्हे.

गाडीतील वादात म्हणूनच दोन प्रश्नांची गल्लत होते. सर्वांत मोठी कामगिरी कोणाची, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर तेंडुलकर हेच आहे आणि ते बदलण्याचा संभव नाही. मिळालेल्या संधीच्या मानाने सर्वांत अधिक कोणी दिले, हा दुसरा प्रश्न. त्याच्या उत्तरात मुझुमदारचे नाव टाळता येत नाही. पहिला प्रश्न खेळाडूंना मोजतो, तर दुसरा संधी वाटणाऱ्या व्यवस्थेला.

श्रेय कोणाचे?

येथे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. हे खेळाडू शारदाश्रमाने घडविले, की घडू शकणारे खेळाडू शारदाश्रमाकडे आले? तेंडुलकर मुळात वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी. रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून तो शारदाश्रमात दाखल झाला, कारण तेथे क्रिकेटला वाव होता. परीक्षेत चमकणारी मुले निवडूनच प्रवेश देणारे महाविद्यालय जेव्हा आपल्या निकालाची जाहिरात करते, तेव्हा त्यातील शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, असा प्रश्न विचारावा लागतो. तोच येथेही लागू आहे.

तरीही आचरेकरांचे श्रेय कमी होत नाही. फक्त त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे लागते. तंत्राचे धडे इतरत्रही मिळत होते. आचरेकरांनी मुलांना दिले ते सामने. एक सामना संपला की स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेणे, शिवाजी पार्कवर सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून 'बाद करणाऱ्याला नाणे, नाबाद राहिलास तर तुला' असा सौदा करणे; या साऱ्याचा अर्थ एकच होता. मुलाला खेळण्याची संधी इतक्या वेळा द्यायची, की अपयश हा त्याच्या दृष्टीने अपवादात्मक प्रसंग न राहता रोजचा अनुभव व्हावा. शिवाय त्या व्यवस्थेत समोरचा संघही तोलाचा असे. ६६४ धावांच्या त्या भागीदारीत दिवसभर मार खाणाऱ्या सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला. मोठा खेळाडू एका शाळेत घडत नाही. तो दोन चांगल्या शाळांच्या मधल्या मैदानावर घडतो.

रुळांच्या या टोकाला

आता ज्या गाडीत हा वाद चालतो, तिच्या उगमाकडे वळणे योग्य ठरेल. शारदाश्रमाचा सर्वश्रेष्ठ निवडणाऱ्या किती प्रवाशांना आपल्याच गावाची यादी सांगता येईल? डोंबिवलीत जन्मलेल्या नीलेश कुलकर्णीने १९९७ साली कोलंबोत कसोटीतील आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. असे करणारा तो पहिला भारतीय. डोंबिवलीच्या एस. व्ही. जोशी विद्यालयाचा विद्यार्थी अजिंक्य रहाणे ८५ कसोटी खेळला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. त्याने मेलबर्नला ११२ धावा केल्या आणि पुढील महिन्यात मालिका जिंकूनच संघ परतला. या यशामागे डोंबिवलीहून मुंबईच्या मैदानांपर्यंत, खांद्यावर खेळाची पिशवी घेऊन, लहान वयात गर्दीच्या गाड्यांतून केलेला प्रवास आहे.

कल्याणचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. जानेवारी २०१६ मध्ये के. सी. गांधी विद्यालयाच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या, रिक्षाचालकाच्या मुलाने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर असलेला ६२८ धावांचा विक्रम मोडला. प्रणवच्या शाळेच्या धावा ३ बाद १४६५ झाल्या. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. मुलाची चिकाटी वादातीत आहे. पण त्या दोन आकड्यांमधली दरी शालेय क्रिकेटच्या अवस्थेविषयी जे सांगते, ते विक्रमाच्या जल्लोषात कोणी ऐकले नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. अपेक्षांचे ओझे घेऊन खेळणे कठीण झाले, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबानेच ती थांबविण्याची विनंती केली. या प्रामाणिकपणाची नोंद कोणत्याही धावफलकात होत नाही. आझाद मैदानावरील त्या दोन मुलांना ६६४ धावांनंतर लगेच पुढचा तोलाचा सामना होता. कल्याणच्या मुलाच्या वाट्याला प्रथम सत्कार आले.

येथे खरा प्रश्न पैशाचा नाही, तो वेळेचा आणि अंतराचा आहे. डोंबिवली मुंबईच्या टोकापासून सुमारे ४८ किलोमीटर आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर दूर आहे. दररोज तीन-चार तास प्रवासात घालविणाऱ्या मुलाने खेळासाठी मोजलेली किंमत शिवाजी पार्कच्या शेजारी राहणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी अधिक असते. ही किंमत पासाच्या दरात दिसत नाही. ती अभ्यासातून, झोपेतून आणि आईवडिलांच्या रजांतून वसूल होते. रहाणेने ती मोजली आणि तो पोहोचला. ज्यांना ती परवडली नाही आणि जे आठवी-नववीतच पिशवी माळ्यावर टाकून मोकळे झाले, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद केवळ पोहोचलेल्यांमध्येच होतो.

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढ्या वस्तीला दादोजी कोंडदेव क्रीडागृह, सेंट्रल मैदान, डोंबिवलीचे क्रीडासंकुल आणि आणखी मोजकी मैदाने कितीशी पुरणार? जी आहेत त्यांवरही मेळावे, प्रदर्शने आणि समारंभ यांचा हक्क मुलांच्या आधी लागतो. महापालिकांना नवी भव्य क्रीडागृहे बांधण्याची हौस असते. परंतु आठवड्यातील ठरावीक सकाळी असलेले मैदान शाळांसाठी राखून ठेवणे, शाळांच्या ताकदीनुसार गट पाडून तोलाचे सामने भरविणे आणि मुलींचे सामने त्याच मैदानांवर तितक्याच वेळा घेणे, यांसाठी कोनशिला लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

मुलींचा उल्लेख सहज केलेला नाही. शारदाश्रमाच्या या वादातील सगळी नावे मुलांची आहेत. परंतु त्या यादीत सदैव पाळीची वाट पाहत राहिलेला मुझुमदार २०२३ साली भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना झाला नवी मुंबईत नेरूळला, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच. १९८८ मध्ये ज्याची पाळी आली नाही, त्याने सदतीस वर्षांनी पंधराजणींची पाळी आणली.

तेव्हा गाडीतील वाद खुशाल चालू राहावा. मुंबईकडे जाणाऱ्या माणसाला तेवढा विरंगुळा हवाच. मात्र परतीच्या गाडीत, ठाणे मागे पडल्यावर, त्याच मंडळींनी आणखी एक प्रश्न चर्चेला घ्यावा. आपल्या प्रभागातील शाळांना या आठवड्यात मैदान किती दिवस मिळाले? या प्रश्नाचे उत्तर तेंडुलकर किंवा कांबळी असे एका शब्दात देता येणार नाही. त्यासाठी नगरसेवकाच्या दारात जावे लागेल. पण डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या शाळेविषयी पुढील पिढीने असाच वाद घालावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात तेथूनच करावी लागेल.