लस टोचूनही लाळ्या का येतो?

लसीकरणाचे पथक गावात आले की काही गोठ्यांतून नकार ठरलेला असतो. दूध आटते, गाभण गाय गाभडते, आणि मागच्या खेपेला टोचून घेतले तरी लाळ्या आलाच, ही त्यामागची कारणे. ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाहीत. प्रत्येकात अनुभवाचा थोडा अंश आहे, म्हणून ती टिकून आहेत. मात्र अनुभव खरा असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. लाळ्या-खुरकुताची लस फसलेली दिसते तेव्हा दोष बहुतेकदा औषधात नसतो. टोचण्याची वेळ चुकलेली असते, लस थंड राहिलेली नसते किंवा निम्मे गाव टोचायचे राहिलेले असते.

आधी दुधाचा हिशेब. लस टोचल्यावर एखाद्या गाईला किंचित ताप येतो, टोचल्या जागी सूज येते आणि दोन-तीन दिवस दूध थोडे घटते. शरीर प्रतिकारशक्ती तयार करत असल्याची ही खूण आहे. दूध पुन्हा पूर्ववत होते आणि या काळातले दूध पिण्यास हरकत नसते. याउलट प्रत्यक्ष रोगात तोंडातल्या फोडांमुळे जनावर चारा सोडते, खुरांतल्या जखमांमुळे उभे राहत नाही आणि सडांवर फोड आले तर कासदाह होऊन एखादे सड कायमचे जाऊ शकते. ‘लाळ्याने जनावर मरत नाही, आठ-पंधरा दिवसांत बरे होते’ हे मोठ्या जनावरांपुरते बरेचसे खरे आहे. लहान वासरांत मात्र विषाणू हृदयाच्या स्नायूंवर घाला घालतो आणि वासरू अचानक दगावते. बऱ्या झालेल्या काही गाई पुढे उन्हात धापा टाकत राहतात, वेळेवर माजावर येत नाहीत आणि पहिल्यासारखे दूध देत नाहीत. तेव्हा दोन-तीन दिवसांच्या घटीची तुलना पूर्ण वेताच्या नुकसानीशी करायला हवी.

लसीनेच रोग येतो, ही दुसरी भीती. आपल्याकडे वापरली जाणारी लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते. तो शरीरात वाढू शकत नाही, म्हणून रोगही देऊ शकत नाही आणि गर्भालाही लागण करू शकत नाही. गाभण जनावराला धोका असतो तो धरपकडीचा. दोर टाकून, पाडून टोचले तर शेवटच्या महिन्यांत इजा होऊ शकते. म्हणून असे जनावर शांतपणे हाताळावे, आणि विण्याची वेळ जवळ आली असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तारीख ठरवावी. लाळ्याच्या तीव्र तापाने गाय गाभडू शकते, हेही विसरू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप टोचूनही रोग आल्याचा आहे. या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही. भारतातील लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात, कारण आपल्याकडे तेच आढळतात. सी प्रकार देशात 1995 नंतर सापडलेला नाही. म्हणजे लसीची निवड योग्य आहे. पण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण 2 ते 14 दिवस जातात आणि लसीचे पुरेसे संरक्षण मिळायलाही दोनेक आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात लाळ्या शिरल्यावर धावपळीने टोचलेली गाय आजारी पडते आणि दोष लसीच्या माथी येतो. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापली तरी निकामी होते आणि गोठली तरी. शिवाय तिचे संरक्षण साधारण सहा महिनेच टिकते. बुळकांडीच्या लसीचे संरक्षण दीर्घकाळ टिकत असे आणि 2011 मध्ये तो रोग जगातून हद्दपार झाला. लाळ्याच्या लसीकडून तशी एकदाच टोचून मोकळे होण्याची अपेक्षा धरली की निराशा ठरलेलीच.

‘माझी गाय गोठ्याबाहेर जातच नाही, मग लस कशाला?’ असेही विचारले जाते. गाय जात नसली तरी विषाणू येतो: दूध काढणाऱ्याच्या हातापायांवरून, चाऱ्यातून, गाडीच्या चाकांवरून. शेळ्या-मेंढ्यांत लक्षणे इतकी सौम्य असतात की आजार लक्षातही येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात येणारे बैल आणि आठवडी बाजार यांमुळे जनावरांची मिसळ थांबत नाही. त्यामुळे गावातली बहुतेक जनावरे एकाच सुमारास टोचली गेली तरच विषाणूची वाट अडते. पश्चिम युरोपातील देशांनी अनेक दशके नियमित लसीकरण करून रोग जवळजवळ संपवला आणि मगच 1991 च्या सुमारास ते थांबवले. भारतात 2019 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात ही लस मोफत दिली जाते.

पथकांच्या कामात त्रुटी राहतात, हेही मान्य करायला हवे. त्यावर उपाय दार बंद करणे नव्हे, प्रश्न विचारणे हा आहे. लस बर्फाच्या डब्यातून आली आहे का, सुई बदलली का, कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर नोंद झाली का, हे पशुपालकाने जरूर पाहावे. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक, हा क्रम चुकवू नये. ताप असलेले जनावर बरे झाल्यावर टोचावे आणि विकत आणलेले जनावर काही आठवडे वेगळे बांधावे. पुढच्या खेपेला पथक येईल तेव्हा आपल्या गोठ्यातली सगळी जनावरे टोचून घ्याच, आणि शेजाऱ्यालाही तयार करा; त्याचा गोठा मोकळा राहिला तर तुमच्या गोठ्याचाही धोका टळत नाही.